एलईडी स्ट्रिपचं शेवटचं टोक मंद पडतंय, मोठा ड्रायव्हर घेऊ का?

सांजवात:
मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. फॉल्स सिलिंगच्या खोबणीत ५ मीटरची पांढरी स्ट्रिप लावली आहे, १२ व्होल्टची, ५०५० वाली (५ बाय ५ मिमीचे एलईडी), मीटरला ६० एलईडी. रीळावर १४.४ वॅट प्रति मीटर असं छापलंय म्हणजे सगळी मिळून ७२ वॅट. ड्रायव्हर (घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा डबा) १०० वॅटचा घेतला, १२ व्होल्ट ८.३ अँपिअर. तो कपाटावर ठेवलाय कारण वर सिलिंगच्या पोकळीत हवा लागत नाही, तिथून स्ट्रिपच्या सुरुवातीपर्यंत बरोबर ६ मीटर वायर जाते, लाल-काळी जोडवायर, ०.५ स्क्वेअर एमएमची. स्ट्रिपला वायर जोडायला ती प्लॅस्टिकची चाप असलेली क्लिप वापरलीय, सोल्डरिंग नाही केलं.
सुरुवातीला उजेड ठीक वाटतो पण शेवटच्या दीड-दोन मीटरमध्ये स्पष्ट मंद दिसतं, भिंतीवर तर फरक डोळ्यात खुपतो. जिथून सामान घेतलं तिथे विचारलं तर म्हणाले ड्रायव्हर कमी पडतोय, २०० वॅटचा टाका. टाकू का? की स्ट्रिपच खराब आहे?

जुना_वायरमन:
ताई, काहीही विकत घेऊ नका अजून. ७२ ला १०० म्हणजे ड्रायव्हर पुरेसा आहे, स्ट्रिपचा जो आकडा येतो तो ड्रायव्हरच्या ८० टक्क्यांच्या आत असावा एवढंच बघायचं आणि तुमचा ७२ आहे. ड्रायव्हर खरंच कमी पडला असता तर तो लुकलुकला असता, बंद-चालू झाला असता, किंवा पूर्ण स्ट्रिप सारखीच मंद झाली असती. फक्त शेवट मंद म्हणजे व्होल्टेज वाटेत सांडतंय. कुठे सांडतंय ते मीटर सांगेल. मल्टिमीटर आहे का?

निळी_ठिणगी:
माझ्याकडे असंच झालं होतं. ड्रायव्हरच्या टर्मिनलजवळ एक छोटा स्क्रू असतो बघा, व्ही एडीजे लिहिलेला, तो थोडा फिरवला की व्होल्टेज वाढतं. मी १३.२ पर्यंत नेलं आणि शेवट उजळला, खर्च काहीच नाही.

जुना_वायरमन:
ठिणगी, तो स्क्रू शेवटी, आधी नाही. शेवट उजळला हे खरं पण सुरुवातीच्या एलईडींना आता किती मिळतंय ते मोजलंत का? १२ व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये तीन एलईडी एका मालिकेत आणि सोबत एक रेझिस्टर असतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.१-३.२ व्होल्ट लागतात, तीन म्हटलं तर साडेनऊच्या आसपास, उरलेले अडीच व्होल्ट रेझिस्टर खातो आणि करंट ठरतो तो या अडीच व्होल्टवर. म्हणजे वर एक व्होल्ट जादा आला तर करंट आठ टक्के नाही वाढत, तीसेक टक्के वाढतो. सुरुवातीचे एलईडी तापून लवकर जातील. उलट बाजूनेही तेच, १२ चे १० झाले की उजेड निम्म्यावर येतो. दोन व्होल्टने एवढा फरक का पडतो असं लोक विचारतात त्याचं कारण हे आहे.

सांजवात:
मीटर आहे, साधाच डिजिटल. काल रात्री मोजलं. स्ट्रिपची क्लिप काढून वायरच्या टोकाशी बघितलं तर १२.०८, ड्रायव्हरपाशीही १२.०८. म्हणजे वायरमध्ये काही सांडत नाहीये ना? मग स्ट्रिपच खराब निघाली असं समजू का?

जुना_वायरमन:
नाही नाही, क्लिप काढलीत तिथेच मोजणी वाया गेली. करंट वाहिला तरच ड्रॉप होतो, म्हणजे वाटेत व्होल्टेज सांडतं. स्ट्रिप सुटी केली की वायरमधून काही वाहतच नाही, मग केसासारखी बारीक तार लावलीत तरी मीटर १२.०८ च दाखवणार. ही चूक फार जण करतात म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

स्ट्रिप जोडलेली ठेवा, पूर्ण उजेडावर चालू ठेवा, दहा मिनिटं जाऊ द्या म्हणजे गरम होऊन स्थिर होईल. मीटर डीसी २० व्होल्टवर. मग तीन ठिकाणी मोजा: ड्रायव्हरच्या व्ही प्लस आणि व्ही मायनस टर्मिनलवर, स्ट्रिपच्या सुरुवातीच्या तांब्याच्या ठिपक्यांवर (क्लिपच्या पुढे, स्ट्रिपवरच, क्लिपच्या मागे वायरवर नाही), आणि स्ट्रिपच्या अगदी शेवटच्या ठिपक्यांवर.

याच्यापुढे अजून दोन मोजण्या करा, त्या कुणी करत नाही पण खरं उत्तर त्यातच असतं. मीटरची एक पिन ड्रायव्हरच्या प्लसवर आणि दुसरी स्ट्रिपच्या सुरुवातीच्या प्लसवर. हो, दोन्ही प्लसच. जो आकडा येईल तो फक्त प्लसच्या वाटेत सांडलेला व्होल्टेज. मग तसंच मायनस ते मायनस. पिन ६ मीटर पोचणार नाही तर एखादी सुटी वायर मीटरच्या पिनला गुंडाळून लांब करा, ती बारीक असली तरी चालते कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही.

मोजपट्टी:
वायरमन काकांनी सगळं बरोबर सांगितलंय, फक्त सुरक्षेचं माझ्याकडून. मीटरची लाल पिन व्होल्टच्या भोकात आहे ना ते आधी बघा, १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात तर ते सरळ शॉर्ट आहे. ड्रायव्हर उघड्या टर्मिनलचा असेल तर त्याच पट्टीवर शेजारी फेज आणि न्यूट्रल असतात, तिथे पिन घसरली तर जिवावर बेतू शकतं. प्लॅस्टिकचं झाकण पुन्हा लावा, मेन्सच्या बाजूला हात घालायचा झाला तर एमसीबी पाडूनच, आणि त्या बाजूची खात्री नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग ड्रायव्हरच्या पत्र्याला जोडलंय का तेही बघून घ्या. आणि डिमर असेल तर १०० टक्क्यांवर ठेवून मोजा, डिमर करंट भराभर चालू-बंद करतो त्यामुळे मीटर सरासरी दाखवतं आणि आकडे निरर्थक येतात.

सांजवात:
डिमर नाही. झाकण होतं ते मी काढून बाजूला ठेवलं होतं, आता लावलं. मोजपट्टी, खूप आभार, हे कुणी सांगितलं नव्हतं.
आकडे असे आले, दोनदा मोजून खात्री केली:
ड्रायव्हरवर १२.०८
स्ट्रिपच्या सुरुवातीला १०.४२
स्ट्रिपच्या शेवटी ९.४०
प्लस ते प्लस १.१८
मायनस ते मायनस ०.४८
१.१८ आणि ०.४८ ची बेरीज १.६६ आणि १२.०८ मधून १०.४२ वजा केले तरी १.६६, हे बघून फार बरं वाटलं. पण दोन्ही वायरी एकाच गुंडाळीतल्या, एकाच लांबीच्या, मग प्लसला इतका जास्त का?

जुना_वायरमन:
वा, सुरेख मोजलंत. आणि प्रश्नही नेमका विचारलात.

दोन्ही वायरी सारख्या, दोन्हीतून करंट तोच जातो, मग ड्रॉप सारखाच यायला हवा. मायनसला ०.४८ आला तो वायरचा खरा ड्रॉप धरा. प्लसलाही वायरचा ०.४८ आहेच, वरचे ०.७० कुठून आले? वायरमधून नाही, जोडातून. एकतर ड्रायव्हरच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला आहे किंवा ती क्लिप. माझा संशय क्लिपवर. पत्र्याचा इवलासा दात ठिपक्यावर नुसता टेकलेला असतो.

आता अजून एक गंमत बघा. ०.५ च्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला ०.०३४ ओहम असतो. ६ मीटरचा ०.२०६. मायनसचा ड्रॉप ०.४८, भागिले ०.२०६, उत्तर २.३ अँपिअर. म्हणजे तुमची वायरच अँपमीटर झाली, सर्किट न तोडता करंट कळला. स्ट्रिप ६ अँपिअर ओढायला हवी ती ओढतेय २.३, ड्रायव्हरवर भार पडतोय २८ वॅट. १०० वॅटचा ड्रायव्हर २८ वॅट देतोय आणि १२.०८ वर घट्ट उभा आहे. त्याच्या जागी २०० चा आणलात तर तोही १२ व्होल्टच देणार आणि शेवटी ९.४० च पोचणार. म्हणून म्हटलं काही घेऊ नका.

जाता जाता, जोडात ०.७० व्होल्ट आणि २.३ अँपिअर म्हणजे त्या टिचभर क्लिपमध्ये दीड वॅटपेक्षा जास्त उष्णता. हात लावून बघा.

निळी_ठिणगी:
हे प्लस ते प्लस मोजायचं मला माहीतच नव्हतं. मी तर सरळ स्क्रू फिरवला. आज घरी जाऊन पहिल्यांदा सुरुवातीचं व्होल्टेज मोजतो.

सांजवात:
क्लिपला बोट टेकवत नाही इतकी गरम आहे! आणि काढून बघितली तर प्लसच्या दाताजवळ प्लॅस्टिक पिवळं पडलंय. खोबणीत लाकडाची पट्टी आहे तिथेच ती टेकली होती, विचार करूनच कसंतरी झालं. रविवारी सोल्डर करते. स्ट्रिपवर सोल्डर करताना काय काळजी घ्यायची?

जुना_वायरमन:
तोपर्यंत ती स्ट्रिप चालू करू नका.
सोल्डर करताना ठिपक्यावर आधी थोडं सोल्डर चढवून घ्या, वायरच्या टोकालाही चढवा, मग दोन्ही एकत्र टेकवून दोन-तीन सेकंदात उचला. जास्त वेळ टेकवलंत तर तांब्याचा ठिपका उचकटून येतो आणि मग तीन एलईडींचा तुकडा कापावा लागतो. सिलिकॉनचं आवरण असेल तर आधी ब्लेडने नीट सोलून घ्या. झालं की हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) घाला.
पण ड्रायव्हरच्या बाजूचं टोक सोल्डर करून स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी स्क्रू ढिला होतो, परत तोच आजार. तिकडे पिन टाइप लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची पिन) क्रिम्प करा म्हणजे पकडीने दाबून बसवा, नाहीतर नुसत्या तारा नीट पिळून घट्ट आवळा.

रंगीत_कोपरा:
मध्येच घुसतो, धागा भरकटवायचा हेतू नाही. माझी आरजीबी (लाल-हिरवा-निळा) स्ट्रिप आहे, पांढरा रंग लावला की सुरुवात पांढरी आणि शेवट लालसर-गुलाबी दिसतो. हेही व्होल्टेज ड्रॉपच का? की कंट्रोलर बिघडला?

मोजपट्टी:
ड्रॉपच. लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास लागतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या वर. तीन-तीनच्या मालिकेत लालला ६ पुरतात, निळ्याला ९ च्या वर हवेत. व्होल्टेज पडलं की निळा-हिरवा आधी मरगळतो आणि लाल टिकतो, म्हणून पांढऱ्याचा लालसर होतो. शिवाय पांढऱ्यात तिन्ही रंगांचा करंट एकाच प्लस पट्टीवरून येतो त्यामुळे ड्रॉपही पांढऱ्यातच सगळ्यात जास्त. नुसता निळा लावून बघा, शेवट बराच सुधारलेला दिसेल. लांब रांग असेल तर मध्ये आरजीबी अँप्लिफायर (कंट्रोलरचा सिग्नल पुढच्या तुकड्याला देणारा डबा) टाकून पुढच्या तुकड्याला नवीन पॉवर द्यावी लागते. दुसरा ड्रायव्हर लावलात तर दोन तुकड्यांमधली प्लसची जोडणी तोडा, दोन ड्रायव्हरचे प्लस एकमेकांना भिडवायचे नाहीत.

सांजवात:
सोल्डर झालं. पहिलाच प्रयत्न होता, एक ठिपका वाकडा आला पण पक्का आहे.
ड्रायव्हर १२.०८, सुरुवात १०.९०, शेवट ९.६४. प्लस ०.५९, मायनस ०.५९!! दोन्ही अगदी सारखे. जोड थंडगार.
पण शेवट अजून मंदच आहे, थोडंसं सुधारलं एवढंच. आता वायर?

जुना_वायरमन:
आता वायर, आणि त्यानंतर खुद्द स्ट्रिप. दोन्ही बाजू सारख्या आल्या याचा अर्थ जोड स्वच्छ झाले, आता जे सांडतंय ते तांबं बारीक असल्यामुळे.

मोजपट्टी:
वायरचा हिशोब कुणालाही पाठ करता येण्यासारखा आहे. ०.०१७२ गुणिले अंतर गुणिले २ (जायची आणि यायची वाट, हा २ लोक विसरतात) गुणिले अँपिअर, भागिले वायरचे स्क्वेअर एमएम. ६ मीटर आणि छापील ६ अँपिअर धरले तर ०.५ च्या वायरला २.४८ व्होल्ट, एकच्या वायरला १.२४, दीडच्या वायरला ०.८३, अडीचच्या वायरला ०.५०. साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, १२ व्होल्टला ते ०.३६ होतं, म्हणजे तुमच्या अंतराला अडीचचीही त्यात बसत नाही. १२ व्होल्ट इतकं लांबवर न्यायचं हेच मुळात महागात पडतं. ड्रायव्हर स्ट्रिपजवळ नेता आला आणि मेन्सची वायर लांबवली तर सगळ्यात चांगलं, तिकडे करंट अगदी कमी असतो.

सांजवात:
ड्रायव्हर वर नेता येत नाही हो, बंद पोकळी आहे, तापेल. माझ्याकडे दीडची तांब्याची वायर भरपूर उरलीय. ती चालेल?

जुना_वायरमन:
चालवून घेऊ. प्रत्यक्षात स्ट्रिप ६ ओढतच नाही, ती चार-साडेचारच्या आसपास राहील. पण आधी वायर सोलून एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरट चमकली तर ते अल्युमिनियम, वरून फक्त तांब्याचा मुलामा. तसली वायर दीडची म्हणून विकली तरी ड्रॉपच्या हिशोबात एकच्या जवळपास पडते.

आता स्ट्रिपचं. तिच्यातली तांब्याची पट्टी कागदासारखी पातळ असते, बहुतेकदा ३५ मायक्रॉन, चांगल्या स्ट्रिपला ७०. तुमच्या स्ट्रिपच्या अंगातच सव्वा व्होल्ट सांडतोय, वायर कितीही जाड घातली तरी तो तिथेच राहणार. त्यावर उपाय एकच, दुसऱ्या टोकालाही पॉवर द्या. सुरुवातीच्या जोडापासून दीडचीच एक जोडी खोबणीतून स्ट्रिपच्या बाजूने शेवटपर्यंत न्या आणि शेवटच्या ठिपक्यांना जोडा, प्लसला प्लस, मायनसला मायनस. करंट दोन्हीकडून आत येतो, कुठल्याच एलईडीला अडीच मीटरपेक्षा लांबून घ्यावा लागत नाही, शिवाय प्रत्येक बाजूला करंट निम्मा. अर्धी लांबी गुणिले अर्धा करंट, म्हणून स्ट्रिपच्या आतला ड्रॉप पावपटीवर येतो. सगळ्यात मंद जागा आता मध्यभागी जाते आणि तिथे फरक डोळ्याला जाणवत नाही.

पोलॅरिटी (प्लस-मायनस) दोनदा तपासा. शेवटच्या टोकाला चुकून उलट लावलीत तर थेट शॉर्ट आहे. तारा जोडण्याआधी मीटर लावून बघा, शेवटच्या प्लस ठिपक्यापासून नवीन प्लस वायरपर्यंत एक व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसायला हवं. १२ दिसलं तर वायर उलटी आहे. आणि ड्रायव्हरच्या प्लसवर ७.५ अँपिअरचा एक फ्यूज टाका.

नवा_प्रकाश:
माझ्याकडे जुना पॅनेल लाइटचा ड्रायव्हर पडलाय, त्यावर ३०-४२ व्होल्ट ९०० मिलीअँपिअर लिहिलंय. तो १२ ची स्ट्रिप लावायला वापरू शकतो का, वॅट जवळपास जुळतायत म्हणून विचारतो.

जुना_वायरमन:
अजिबात नाही. तो कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर आहे, व्होल्टेजची रेंज लिहिलेली असली आणि करंट एकच लिहिलेला असला की ओळखायचं. तो करंट पक्का धरतो आणि व्होल्टेज हवं तसं वरखाली करतो, जोडायच्या क्षणी ४२ च्याही वर असू शकतो. स्ट्रिपला कॉन्स्टंट व्होल्टेजच हवा, ज्यावर १२ किंवा २४ असा एकच आकडा असतो. वॅट जुळले म्हणून काही होत नाही.

निळी_ठिणगी:
मी मोजलं. चालू असताना स्ट्रिपच्या सुरुवातीला १२.७ येत होते! स्क्रू मागे फिरवून सुरुवातीला १२.० वर आणून ठेवला. शेवट परत मंद झाला, आता मीही दुसरी वायर टाकतो. वायरमन काका, चालू असताना सुरुवातीला १२ च्या वर जाऊ द्यायचं नाही, हाच नियम ना?

जुना_वायरमन:
हो. वायरचा ड्रॉप भरून काढण्यापुरताच स्क्रू वापरा, स्ट्रिपच्या आतला ड्रॉप भरून काढायला नाही.

मोजपट्टी:
नव्याने घेणाऱ्यांसाठी, ३-४ मीटरच्या पुढे काम असेल तर सरळ २४ व्होल्टची घ्या. वॅट तेवढेच पण करंट निम्मा, म्हणून त्याच वायरमध्ये ड्रॉप निम्मा, आणि २४ च्या तुलनेत तो निम्मा म्हणजे टक्क्यांत पाव. फक्त कापायच्या खुणा लांब लांब येतात, मीटरला ६० एलईडीत १२ ची स्ट्रिप दर ५ सेंटीमीटरला कापता येते, २४ ची साधारण १० ला. कोपऱ्यात मापात बसवताना तेवढी अडचण होते.

सांजवात:
झालं एकदाचं! दीडची वायर खरवडून बघितली, आतपर्यंत तांबंच आहे. ड्रायव्हरपासून दीडची, मग तिथून शेवटपर्यंत दुसरी जोडी. शेवटची तार जोडण्याआधी मीटर लावला तेव्हा पहिल्यांदा पावणेबारा आले, हात थांबला, बघते तर खोबणीत वळवताना लाल-काळी अदलाबदल झाली होती. काका, तुमचं ते एक वाक्य वाचलं नसतं तर तिथेच शॉर्ट झालं असतं.
आताचे आकडे, अर्धा तास चालू ठेवून: ड्रायव्हर १२.०८, सुरुवात ११.४७, शेवट ११.२५, मधोमध १०.८३. ड्रायव्हर ते सुरुवात प्लसला ०.३१ आणि मायनसला ०.३०.
तुमच्या पद्धतीने करंट काढला, दीडच्या ६ मीटरचा रोध ०.०६९, ०.३० भागिले ०.०६९ म्हणजे ४.३ अँपिअर. ५२ वॅट. आधी २८ होते. त्याच ड्रायव्हरवर, त्याच स्ट्रिपवर. भिंतीवर आता सलग उजेड आहे, मधला भाग मुद्दाम शोधला तरच कळतो.

जुना_वायरमन:
फार छान. स्क्रूला हात लावायचीही गरज उरली नाही, पण वाटलं तर ड्रायव्हर १२.४ पर्यंत न्या, सुरुवात १२ च्या आतच राहील. महिन्याभराने एकदा सगळे जोड बोटाने चाचपून बघा आणि ड्रायव्हरचे स्क्रू मेन्स बंद करून परत आवळा, जाड वायर पहिल्या काही दिवसांत बसते आणि स्क्रू थोडे सैल होतात.

सांजवात:
महिन्याने मोजून इथेच आकडे टाकते.